एच पायलोरी (पोटातला जंतू) पॉझिटिव्ह आलंय, मग इतकी वर्षं पित्त पित्त म्हणत होतो ते काय होतं?

कोथरूडचा_पोटदुख्या:
तीन वर्षं पोटात आग. पहाटे तीनला दुखून जाग यायची, दोन बिस्किटं खाल्ली की थांबायचं. आई म्हणे मिसळ बंद कर, हापिसात म्हणे टेन्शन घेतोस, आणि मी आपला रोज अनशापोटी पॅन्टोप्रॅझोल (अॅसिड कमी करायची गोळी). शेवटी दुर्बीण घातली तर ड्युओडेनममध्ये (जठरानंतर लगेच लागणारं आतडं) अल्सर, आणि पोटातला तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला तर तो चक्क गुलाबी झाला. आता १४ दिवस दोन अँटिबायोटिक, तोंड कडूजहर. हे सगळं एका जंतूने?

सिंहगड_रोड_वाली:
हो बाबा. हा जंतू युरियेज नावाचं एन्झाइम सोडतो, त्याने अमोनिया तयार होतो म्हणून तो अॅसिडमध्येही टिकतो, आणि तुझं जेल गुलाबी झालं ते त्याच अमोनियाने. आधी डॉक्टरही टेन्शन आणि तिखटच म्हणायचे. मग ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर बॅरी मार्शलने १९८४ साली स्वतःच तो जंतू पिऊन टाकला, थोड्याच दिवसात उलट्या आणि जठराला सूज (अल्सर नाही हां, लोक काहीही फॉरवर्ड करतात). २००५ ला त्याला आणि रॉबिन वॉरेनला नोबेल.

नानांचा_नातू:
पण सगळं त्याच्या माथी मारू नका. आमचे नाना गुडघ्यासाठी पेनकिलर खायचे, त्यांचा अल्सर त्याने झाला, जंतू निगेटिव्ह. आईचं उलट, अल्सर नाहीच पण लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलेना, जंतूचा कोर्स झाल्यावर चढलं. छातीतली जळजळ मात्र तश्शीच, आंबट वर येतं ते वेगळं दुखणं आहे म्हणाले डॉक्टर.

लॅबवाला:
बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धा सोडू नका, आपल्याकडे आधीच बऱ्याच जंतूंना औषधं लागू पडत नाहीत. संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची नाहीतर शौचाची टेस्ट, आणि त्याआधी २ आठवडे पॅन्टो बंद (डॉक्टरांना विचारून), नाहीतर खोटी निगेटिव्ह येते. रक्तातली अँटिबॉडी करू नका, जंतू गेला तरी ती कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहते.

कोथरूडचा_पोटदुख्या:
पॅन्टो २ आठवडे बंद?? तीन वर्षांत दोन दिवस सोडली नाहीये. बघतो. आईला सांगितलं जंतू निघाला, तर म्हणते तो पण मिसळीतूनच आला असणार.