मुलाने आजीला थँक्यू म्हटलं आणि आजीला ते लागलं

ऐरोलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. शाळेत सध्या गुड मॅनर्स शिकवतायत त्यामुळे दिवसभर थँक्यू, सॉरी, प्लीज चालू असतं, मला छानच वाटत होतं. पण परवा सासूबाईंनी ताटात गरम पोळी वाढली तर हा म्हणाला थँक्यू आजी, आणि त्या एकदम गप्पच झाल्या. नंतर मला म्हणाल्या, मी काय परकी आहे का गं, घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का. आणि त्याच संध्याकाळी खाली खेळताना बॉल गेटबाहेर गेला तर हाच मुलगा साठीच्या वॉचमनकाकांवर ओरडला, ए वॉचमन, बॉल दे ना! मला हे पहिल्यापेक्षा जास्त खुपलंय. तुम्ही मुलांना हे कसं शिकवता? घरात थँक्यू म्हणायचं की नाही?

नौपाड्याची_मावशी
आजींना काय वाटलं ते मला अगदी कळतंय. आपल्याकडे आभार कार्यक्रम संपताना मानतात, घरात नाही. घरात "आजी पोळी मस्त मऊ झालीये, अजून अर्धी दे" म्हटलं की झालं, त्यात सगळं आलं. आमच्या आईने आम्हाला थँक्यू कधी शिकवलं नाही पण शेजारच्यांचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, काहीच नसेल तर चमचाभर साखर घालून द्यायची. घरातून निघताना जातो नाही म्हणायचं, येतो म्हणायचं. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं, दुकान बंद केलं नाही, वाढवलं. समोरच्याच्या मनाला चरा पडू नये म्हणून केवढी काळजी आहे बघा यात. मुलाला वळण लावणं म्हणतो ना आपण, अक्षराचं वळण जसं रोज गिरवून येतं तसंच आहे हे, एका तासात शिकवून यायचं नाही.

घणसोली_गाववाला
तू आणि तुम्ही वरून मात्र मुलाला बोलू नका अशी विनंती. मी आगरी, आमच्या घरात आजोबाला पण तूच म्हणायचो आणि त्या तू मध्ये किती मान होता ते आम्हालाच माहीत. पहिलीत बाईंना तू म्हणालो तर सगळ्या वर्गासमोर उद्धट ठरलो, अजून विसरलो नाही. मराठीत आईला तूच म्हणतात, विठोबाला पण तूच. वॉचमनच्या बाबतीत वाईट आहे तो "ए", आणि माणसाला त्याच्या नोकरीच्या नावाने हाक मारणं.

ठाणे_वाशी_रोजचा
थोडं वेगळं सांगतो. २००४ ला ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली तेव्हापासून याच लाईनवर आहे. ठाण्याला १० नंबरवर गाडी लागली की लोक उतरणाऱ्यांना उतरू न देता सीटसाठी आत घुसतात, आणि घुसताना सॉरी सॉरी म्हणत घुसतात!! त्या सॉरीचं काय करायचं? उलट आमच्या डब्यात काही जुने लोक आहेत, कोपरखैरणे आलं की न बोलता उठतात आणि उभ्या असलेल्याला खांद्याला हात लावून बसवतात, अर्धा रस्ता मी अर्धा रस्ता तू. दारात गर्दीत सॅक पाठीवरून पुढे घेणं, तीनच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा देणं, मोबाईल स्पीकरवर न लावणं, मुलाला गाडीतून फिरवा आणि हे दाखवा.

शब्दवेडा
शिष्टाचारातला शिष्ट म्हणजे संस्कृतात शिकवलेला, वळण लावलेला. शिष्य पण त्याच धातूतून आलाय. पण आज मराठीत "ती फार शिष्ट आहे" म्हटलं तर ती तोऱ्यात असते, सरळ बोलत नाही असा अर्थ. नुसतं शिकलेलं वागणं, ज्यात माया नाही, ते लोकांना कसं वाटलं असेल ते या एका शब्दात दिसतं असं मला वाटतं. आजींना बहुतेक तेच वाटलं असणार.

कोपरीकर_ताई
मला वरचं सगळं पटलं नाही. माझ्या आईने ३० वर्षं पोळ्या लाटल्या, तिला कोणी थँक्यू तर नाहीच पण छान झाल्यात असंही कधी म्हटलं नाही, मीठ कमी पडलं की मात्र लगेच कळायचं सगळ्यांना. घरचं माणूस म्हणून आभार नकोत हे ऐकायला गोड आहे पण त्याची किंमत बायकांनीच मोजलीये. म्हणू दे की पोराला. आणि मुलं ऐकतात कमी, बघतात जास्त. कामाच्या मावशींचा कप वेगळा ठेवणारी घरं मी पाहिलीयेत आणि त्यांच्याकडची मुलं मावशींशी कशी बोलतात तेही. ऐरोलीची_आई, राग मानू नका, पण तुम्ही स्वतः वॉचमनना काय म्हणता?

ऐरोलीची_आई
राग कसला, बरोबर बोललात. इंटरकॉमवर मी "वॉचमन, खाली गाडी कोणी लावलीये बघ" असंच बोलते, त्याने ते माझ्याकडूनच उचललंय. काल खाली जाऊन नाव विचारलं, ४ वर्षं झाली ते आमच्याकडे आहेत. सासूबाईंना कोपरीकर ताईंचं वाचून दाखवलं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि रात्री त्याला म्हणाल्या, म्हण थँक्यू, पण आधी खा आणि कशी झालीये ते सांग. आता काकांना मराठी येत नाही त्यामुळे हिंदीत आप म्हणायचं शिकवतेय, तिथे तो अडखळतोय कारण बिल्डिंगमध्ये लहानमोठे सगळेच त्यांना तुम म्हणतात.