चेहरा दाखवायचा की नाही? पोर्ट्रेट काढणाऱ्यांनी सांगा

सांगलीचा_फोटोवाला
लग्नाचे फोटो काढतो, पण सध्या ओळखीतल्या लोकांचे पोर्ट्रेट करतोय. एक ट्रान्स मुलगा आहे, दोघी मैत्रिणी आहेत ज्या जोडीदार म्हणून एकत्र राहतात, आणि एक जोगते आहेत, यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, डोक्यावर घेऊन फिरणारे, गल्लीत सगळे मावशीच म्हणतात. प्रदर्शन सांगलीतच लावायचंय. मुलगा म्हणतो चेहरा स्वच्छ दिसू दे, पण मैत्रिणींपैकी एकीच्या घरी काहीच माहीत नाही. काहींचे चेहरे दिसतायत, काहींचे नाही, असं चालेल का?

मिरजेची_दुपार
चालेल, बिनधास्त. सुनील गुप्तांनी १९८६-८७ च्या सुमारास दिल्लीत गे पुरुषांचे फोटो काढले ते बघा, बऱ्याच जणांचे चेहरे नीट दिसत नाहीत, कारण तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं आणि ओळख फुटली की माणूस संपलाच. उलट दक्षिण आफ्रिकेतल्या झानेले मुहोलींनी २००६ पासून काळ्या लेस्बियन आणि ट्रान्स लोकांचे पोर्ट्रेट केले, त्यात माणसं सरळ तुमच्या डोळ्यात बघतात. ३७७ मधला तो भाग कोर्टानं २०१८ ला काढला खरा पण म्हणून मैत्रिणीच्या घरचे बदलले का? तिनं ठरवायचं, मालिका एकसारखी दिसणं नंतर.

कॅमेरा_आणि_चहा
एक सांगतो, नुसता चेहरा झाकून भागत नाही हो. हातावरचं गोंदण, गाडीचा नंबर, मागं मंडळाचा बोर्ड, एवढ्यावर सांगलीत माणूस ओळखतात. मोबाईलवर काढत असाल तर लोकेशन बंद करा. आणि मावशींच्या डोक्यावर जग द्यायची घाई नको, जोगत्यांचे तसे फोटो यात्रेत शेकड्यानं निघतात, त्यांना स्वतःला कसं बसायचंय ते विचारा की.

सांगलीचा_फोटोवाला
विचारलं. चष्मा लावून, पायावर पाय टाकून, खुर्चीत बसायचं म्हणाल्या, आणि खिडकीच्या उजेडात इतक्या ऐटीत बसल्या की मला एकदाही काही सांगावं लागलं नाही. मैत्रिणींचे पाठमोरे काढतोय, एकीची वेणी दुसरी घालतेय असे. लावायच्या आधी प्रिंट दोघींना दाखवणार, नको म्हणाल्या तर तो फोटो लागणार नाही. मॅट पेपरवर मोठी प्रिंट मिरजेत कुठं चांगली निघते कुणी सांगेल का?