मिरचीचा ठसका अन् डक्टवरचा पत्रा (आमच्या सोसायटीचा ग्रुप, परभणी)

३०२: आज परत मिरची भाजल्याचा ठसका यायलाय. आईंना दमा आहे, सगळ्यांना माहितीये. स्वयंपाकघरात उभं राहवंना. कोण करायलंय?

००२: मी करायले ताई. वर्षाचा काळा मसाला आहे, डब्यांना लागतो. एक्झॉस्ट लावूनच बसले होते. आईंना त्रास झाला, फार वाईट वाटलं. आता थांबवलंय.

१०१: दरवर्षीचंच आहे हे. ठराव करून टाका. मिरची भाजणं, तळण, सगळं गच्चीवर.

००२: भाऊ, ४२ डिग्रीत गच्चीवर शेगडी घेऊन कसं बसू? अन् रोज डब्यांची फोडणी असते, तिचं काय करू?

२०४: ठराव करायच्या आधी गच्चीवर जाऊन डक्ट बघा, म्हणजे आपल्या घरांच्या मधली खालून गच्चीपर्यंत जाणारी उभी मोकळी जागा. कबुतरांसाठी त्यावर पत्रा टाकलाय अन् कडा सिमेंटनं बुजवल्यात. खालपासून वरपर्यंत सगळ्यांचे एक्झॉस्ट त्याच डक्टमध्ये हवा सोडतात. गरम धूर वर चढतो, पत्र्याला अडतो, अन् सगळ्यात वरच्या खिडक्यांतून आत शिरतो. ३०२ ला जास्त त्रास होतो तो यामुळं. मावशींनी उद्या डबे बंद केले तरी बाकीच्या घरांच्या फोडण्या तिथंच जाणार आहेत.

दुसरं, एक्झॉस्ट हवा तेव्हाच बाहेर टाकतो जेव्हा तितकीच हवा दुसरीकडून आत येते. धूर हॉलमध्ये जाऊ नये म्हणून बरेच जण दार-खिडक्या लावून एक्झॉस्ट चालवतात. मग पाती नुसती फिरतात, नाहीतर मोरीच्या जाळीतून गटाराचा वास ओढला जातो. हॉलची खिडकी अन् स्वयंपाकघराचं दार थोडं उघडं ठेवा. मात्र एक्झॉस्टला लागून असलेली खिडकी लावून घ्या, नाहीतर तिथली हवा तिथंच फिरते. ८ बाय १० ची खोली, उंची १० फूट धरली तर आत साधारण २३ घनमीटर हवा असते. ताशी ३५० घनमीटर ओढणारा पंखा ती चार मिनिटांत बदलू शकतो, पण वाट मोकळी असेल तर. फोडणीच्या आधी पाच मिनिटं लावा, गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. छताचा पंखा मात्र त्या वेळी नको, तो धूर घरभर पसरवतो.

कूलरचंही बघा. हॉलच्या खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, एक्झॉस्टला आयती मदत होते. पण कूलर डक्टच्या बाजूला असला तर खालच्या सगळ्यांचा धूर वाळ्यातून ओढून घरात आणतो.

३०२: सर, आमचा कूलर डक्टकडच्याच खिडकीला आहे.

२०४: मग तो आजच गॅलरीकडं हलवा ताई. आईंना संध्याकाळपर्यंत फरक वाटावा. त्यांचा पंप हाताशी असू द्या.

१०१: मी चिमणी घ्यायलोय, बिनपाइपची. भिंत फोडायची कटकट नाही.

२०४: नका घेऊ. ती हवा गाळून परत खोलीतच सोडते. तेल जाळीत अडकतं, कोळशाच्या फिल्टरनं वास थोडा कमी होतो. पण गॅस जळून होणारे वायू अन् वाफ घरातच राहतात, शिवाय तो फिल्टर काही महिन्यांनी बदलत बसावा लागतो. पाइपवालीच घ्या, पाइप आखूड अन् सरळ ठेवा. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते.

२०३: एक्झॉस्टवर चिकट थर बसलाय. घासून निघंना. काय करू?

००२: ताई, आधी स्विच बंद करा. पाती, जाळी काढून कडक पाण्यात धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास बुडवून ठेवा, मग जुन्या ब्रशनं घासा. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमची जाळी सोड्यात घालू नका, काळी पडते. तिला गरम पाणी अन् भांड्यांचा साबण पुरतो. भिंत त्याच दिवशी पुसली तर निघते, चार दिवसांनी वार्निशासारखी घट्ट बसते. अन् तळायला घाण्याचं करडीचं तेल वापरू नका, लवकर धुरावतं. तळणाला रिफाइंड घ्या, घाण्याचं तेल ठेच्यावर, येसरावर वरून घ्या. त्याची चव तिथंच लागते.

२०४: हे चिकट तेल डक्टच्या भिंतीवरही साचलंय. ते पेटलं तर आग सरळ वर चढेल, म्हणून डक्टमध्ये सिगारेटची थोटकं टाकणं बंद करा. अन् कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. गॅस बंद, वर झाकण.

१०१: पत्रा उचलू, मान्य. पण वर्षाचा मसाला तरी मावशींनी गच्चीवरच करावा.

००२: करते भाऊ. पहाटे ऊन यायच्या आत. मिरच्या आधी कडक वाळवून घेते, भाजायला वेळ कमी लागतो. ३०२ ताई, आदल्या रात्री ग्रुपवर सांगत जाईन, म्हणजे आईंना पुढच्या खोलीत बसवता येईल.

३०२: चालेल मावशी. आज राहिलेला उद्या करा, मी मदतीला येते.

अध्यक्ष: रविवारी वेल्डरला बोलावतो. पत्रा दीड फूट उचलून चारी बाजूंनी जाळी लावू, जूनच्या आत व्हायला पाहिजे. डक्टचं माप कुणी घ्याल का?

२०४: घेतलं. ४ बाय ६ फूट. जाळी एक इंचाची सांगा, कबुतर शिरणार नाही. बारीक जाळी नको, तेलानं बुजते. पत्रा कडेच्या बाहेर फूटभर काढायला सांगा, म्हणजे पावसाचे शिंतोडे आत येणार नाहीत.