खाबी लेमसारखं व्हिडिओत नाव काढायचं म्हणून कंपनी सोडू का?

साक्रीचा_पाव्हणा

राम राम मंडळी. मी मूळचा साक्री तालुक्यातला, सध्या सातपूर एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, ऑपरेटर आहे, कॉन्ट्रॅक्टवर, अशोकनगरला मित्रांसोबत रूम करून राहतो. तर विषय असा की खाबी लेम सगळ्यांना माहितीच असेल, तो एक शब्द न बोलता दोन्ही हात पुढं करून 'हे घ्या, झालं' असं दाखवणारा. रूमवर रोज त्याचीच चर्चा. सेनेगलहून इटलीत आलेल्या घरातला पोरगा, तो पण फॅक्टरीत सीएनसीवरच होता, आणि जून २०२२ मध्ये टिकटॉकवर जगात सगळ्यात जास्त फॉलोअर्सवाला झाला, १४ कोटींच्या वर. मी पण लाइफ हॅकवाले, म्हणजे रोजच्या कामाच्या सोप्या युक्त्यांचे, व्हिडिओ टाकतो, मोबाइलवरच शूट आणि मोबाइलवरच एडिट, व्ह्यूज येतात थोडेफार पण नाइट शिफ्ट लागली की आठवडाभर काहीच होत नाही. आता कॉन्ट्रॅक्ट संपतंय, ठेकेदार म्हणतो ब्रेक देऊन, म्हणजे मध्ये काही दिवस कामावरून कमी करून, परत घेऊ. मग म्हटलं परत जायचंच कशाला, काही महिने फुल टाइम व्हिडिओच करावेत का? घरी सांगितलं नाही अजून. कोणी केलंय का नाशकात असं?

सिडकोवाली_ताई

भाऊ, त्यानं नोकरी सोडली नव्हती रे, ती गेली होती. मार्च २०२० मध्ये इटलीत कोरोनानं सगळं बंद पडलं तेव्हा त्याला कामावरून काढलं. राहायला तुरीनजवळच्या किवासो गावात, सरकारी घरांच्या वसाहतीत, आईबापाकडंच. बाप दुसरी नोकरी शोध म्हणून मागं लागलेला आणि हा टिकटॉकवर. म्हणजे वेळ आपोआप मिळालेला आणि डोक्यावर छप्पर होतं. तुझं अशोकनगरचं भाडं, मेसचे पैसे, घरी पाठवायचे पैसे हे कुठून येणार ते आधी लिही ना.

आणि बाहेरून येऊन मोठा झाला म्हणतोस, तर तो एक वर्षाचा असताना इटलीत आला, वाढला तिथंच, बोलतो इटालियन, तरी पासपोर्ट सेनेगलचा. नागरिकत्व मिळालं ऑगस्ट २०२२ मध्ये, जगात एक नंबर झाल्यावर. तुला साक्रीहून नाशकात यायला एसटीचं तिकीट पुरलं. मला तर त्याच्या गोष्टीत हेच सगळ्यात जास्त टोचतं, पण असो, तुझा प्रश्न तो नाही.

रील_मिस्त्री

कॉलेज रोडला माझं छोटं ऑफिस आहे, लग्नाचे आणि दुकानांचे रील करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. खाबी लाइफ हॅक बनवतच नव्हता राव, दुसरे बनवायचे आणि हा त्यांची जिरवायचा. कोणीतरी सुरा घेऊन केळं सोलतोय, खाबी हातानं सोलतो. कोणाचा टीशर्ट गाडीच्या दारात अडकला म्हणून कापाकापी चाललीय, खाबी दार उघडतो, विषय संपला. टिकटॉकवर दुसऱ्याचा व्हिडिओ आपल्याला जोडायची, शेजारी लावायची सोय होती त्यामुळं अर्धं काम आधीच गाजलेल्या व्हिडिओनं केलेलं असायचं, लोक त्या फालतू हॅकना वैतागलेलेच होते, ह्यानं फक्त त्यांच्या मनातलं चेहऱ्यावर आणलं. सुरुवातीला गप्प पण नव्हता हां, नाच झाला, गेम झाले, इटालियनमध्ये बोलून झालं. बोलणं काढून टाकलं तेव्हा ब्राझीलवाल्याला पण कळायला लागलं आणि देवळालीवाल्याला पण.

आता तेच तू करशील तर अवघड आहे, तसं तोंड करणारे गल्लीगल्लीत झालेत. टिकटॉक तर आपल्याकडं २९ जून २०२० लाच बंद झालं. राहिलं यूट्यूब आणि इन्स्टा. यूट्यूबवर जाहिरातीचा हिस्सा पाहिजे तर १००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, नाहीतर मोठ्या व्हिडिओंचे वर्षात ४००० तास. शिवाय दुसऱ्याची क्लिप घेऊन नुसतं तोंड वाकडं केलंस तर रियूज्ड कंटेंट, म्हणजे दुसऱ्याचाच माल परत टाकला, म्हणून पैसे नाकारू शकतात. इन्स्टावर व्ह्यूजचे पैसे धरूच नकोस, तिथं ब्रँड देईल तेव्हा. खाबीला पण ह्यूगो बॉससारखे ब्रँड मिळाले तेव्हा मोठा पैसा आला.

तर्रीबाज

हॅक म्हणून काय पण करू नको एवढंच सांगतो. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून करंटनं लाकडावर नक्षी जाळायचे व्हिडिओ फिरायचे, अमेरिकेत लोक मेलेत ते करताना. व्ह्यूज घेणारा वेगळाच आणि मरणारा वेगळाच.

साक्रीचा_पाव्हणा

नाही भाऊ, माझे साधे असतात, बाटलीचं झाकण, चार्जरची वायर असले. ताई, भाड्याचं खरंय, तिकडं बचत काहीच नाही. पण आयुष्यभर मशीनचं 'सायकल स्टार्ट' बटण दाबत बसायचं का, हा पण प्रश्न आहेच ना.

अंबडचा_सेटर

बटण कोण दाबायला सांगतंय तुला, सेटिंग शिक, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून द्यायचं काम. टूल ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा फरक मशीनला देणं, घेतो का स्वतः? प्रोग्राम वाचता येतो? ऑपरेटर ब्रेकवर जातो, चांगल्या सेटरला ठेकेदार सहसा जाऊ देत नाही, अंबडला हे रोज बघतो.

आणि व्हिडिओचं म्हणशील तर केळं सोलणारे लाखो आहेत. व्हर्नियरचं (बारीक माप घ्यायच्या पट्टीचं) लीस्ट काउंट, म्हणजे सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी कसं येतं, प्रोग्राममधल्या जी०२ कोडला टूल घड्याळाच्या दिशेनं कमानीत आणि जी०३ ला उलट्या दिशेनं का जातं, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, कसा वाचायचा, हे मराठीत नीट सांगणारं मला तरी फार कमी सापडलं. आमच्याकडं सातपूर आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून येतात, तीच तीच शंका दरवर्षी विचारतात. तू खाबीसारखं कर ना, कोणीतरी मोबाइलवर अर्धा तास समजावतोय आणि तू व्हर्नियर लावून रीडिंग दाखवतो. फक्त शूट रूमवर कर, जुना व्हर्नियर विकत घे. शॉप फ्लोअरवर मोबाइल काढलास आणि मागं कस्टमरचा जॉब (बनत असलेला पार्ट) दिसला तर ब्रेकची वाट पण बघणार नाहीत, सरळ गेटपास जमा.

साक्रीचा_पाव्हणा

प्रोग्राम थोडा वाचता येतो, ऑफसेट सेटरच घेतो, हात लावू देत नाही. हे व्हर्नियरचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मराठीत केलं तर बघणारे कमी नाही का होणार? हिंदीत करू का?

रील_मिस्त्री

हिंदीत ढिगानं आहेत, तू कितवा? मराठीत कर, मध्ये मध्ये अहिराणी आली तर येऊ दे, मालेगाव-धुळ्याकडची पोरं कमेंटमध्ये तुटून पडतील. आणि नवा मोबाइल वगैरे घेऊ नको लगेच, आधी एक साधा कॉलर माइक घे, कारण मशीनवर काम करणारी माणसं व्हिडिओत पण ओरडूनच बोलतात, माझ्याकडं येतात ना प्रमोशनला, सगळ्यांचा आवाज फाटलेला असतो.

सिडकोवाली_ताई

आणि ब्रेक मिळाला तर तेवढे दिवस व्हिडिओ कर की, कोण नाही म्हणतंय. ठेकेदाराला मात्र येतो म्हणूनच सांग.