खरेदी-गोदामाची एकच नियमावली करायची आहे, सल्लागार कसा नेमावा?

वाळपईकर

नमस्कार. मदतकार्य करणारी मध्यम आकाराची संस्था आहे. मुख्य कचेरी पणजीला, उपकचेऱ्या वाळपई आणि काणकोणला, गोदामं म्हापसा आणि फोंड्याला. पैसा तीन वाटांनी येतो: परदेशी देणगी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) आणि स्थानिक वर्गणी. प्रत्येक मोठ्या देणगीदारामागून एकेक नियमपुस्तिका येत गेली, आता चार झाल्यात. पणजीला २५,००० रुपयांच्या वर तीन कोटेशनं लागतात, वाळपईला ५,००० च्या वर, आणि एका प्रकल्पात ५०,००० पर्यंत एकही नको. माल आल्यावर कुठे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद-पावती) बनते, कुठे चलनावरच सही मारली जाते. बाहेरचा सल्लागार घेऊन खरेदी, गोदाम, वाहनं आणि मालमत्ता यांची एकच नियमावली करून घ्यायचा कार्यकारिणीचा ठराव झाला आहे.

दिवस किती धरायचे? टीओआरमध्ये (सल्लागाराच्या कामाची लेखी रूपरेषा) काय घालायचं? पैसे कसे द्यायचे? आणि प्रस्ताव आल्यावर निवड कशावर करायची? पावसाच्या आधी हातात आली तर बरं.

खरेदीखातं

पावसाच्या आधी म्हणजे मेअखेर. जाहिरात ते करार यातच पाच-सहा आठवडे जातात आणि काम दोन-अडीच महिन्यांचं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जाहिरात निघाली नाही तर हा पावसाळा सोडून द्या. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर तर सुरूच करू नका, त्या पंधरवड्यात गोदामात कोण भेटणार?

टीओआर लिहिण्याआधी दोन निर्णय कार्यकारिणीनेच घ्यावे लागतात. पहिला, किती रकमेपर्यंत कोण सही करणार. सल्लागार आकडे सुचवेल, पण सचिवांना ५०,००० चा अधिकार हवा आणि खजिनदार १०,००० वर अडून बसले, तर तो वाद त्याच्या मसुद्यावर चालतो आणि त्याचे दिवस तिथेच संपतात. दुसरा निर्णय असा, की मुळात एक नियमावली म्हणजे काय. चालणारी रचना एकच: संस्थेचा एक गाभा, मागे प्रत्येक देणगीदाराचं दोन पानी परिशिष्ट. देणगीदाराची अट गाभ्यापेक्षा कडक असेल तर ती फक्त त्याच्या पैशापुरती. चारांतली सगळ्यात कडक अट सगळीकडे लावायची, हा मोह टाळा. ६,००० रुपयांच्या पंपदुरुस्तीला तीन कोटेशनं मागितलीत, तर सत्तरीत (वाळपईचा तालुका) मोटर वाइंडिंग करणारे मुळात मोजके. मग एकाच दुकानातून तीन लेटरहेडं येतात. कागद पुरा, स्पर्धा शून्य.

दिवस ३५ ते ४० धरा. त्यातले ५ दिवस जुन्या पुस्तिका आणि ऑडिटचे शेरे वाचायला, ८ दिवस पाचही ठिकाणी प्रत्यक्ष पाहणीला, १० ते १२ लिहायला, २ दिवस सगळ्यांना बसवून मसुद्यावर चर्चा, ४ दुरुस्तीला, ४ प्रशिक्षणाला आणि ३ दिवस राखून ठेवा, दोन महिन्यांनी परत येऊन तपासायला. पाहणीचे दिवस कापू नका. तिथे त्याने मागच्या वर्षातल्या किमान ३० खरेद्यांच्या फायली मागणीपत्रापासून पेमेंटपर्यंत उलगडाव्यात, निरनिराळ्या रकमांच्या आणि पाचही ठिकाणच्या. मागणीपत्राची तारीख बिलाच्या नंतरची आहे का, एकाच पुरवठादाराची ४,९०० ची ओळीने बिलं आहेत का, हे फायलीतच दिसतं. पुस्तिकेत नाही.

टीओआरमध्ये हवं ते नावानिशी मागा. ‘सर्वसमावेशक नियमावली’ असं लिहिलंत तर १८० पानं मिळतील, त्यात चार्टर विमानाचा अध्याय असेल. मुरगाव बंदर जवळ आहे म्हणून समुद्री आयातीचं प्रकरण लागतं असं नाही. मागायचं ते एवढंच: ५०-६० पानांचा गाभा, अधिकारांचा एक पानी तक्ता, मागणीपत्र, कोटेशन मागणी, तुलना तक्ता, खरेदी आदेश, जीआरएन, वेबिल (माल पाठवल्याचा कागद), स्टॉक कार्ड, वाहनाचं लॉगबुक आणि मालमत्ता नोंद यांचे कोरे नमुने, देणगीदारांची परिशिष्टं, आणि जुन्या चारांतलं कोणतं कलम कुठे गेलं किंवा का गळालं त्याचा तक्ता. हा शेवटचा तक्ता बहुतेक जण मागत नाहीत. पुढे देणगीदाराने विचारलं की तोच पुढे करायचा असतो. सगळं वर्ड आणि एक्सेलमध्ये, कुलूप न लावता, मालकी संस्थेची.

मागणारा, खरेदी करणारा, माल ताब्यात घेणारा आणि पैसे देणारा ही चार माणसं वेगळी हवीत, हे प्रत्येक पुस्तिकेत असतं. काणकोणच्या कचेरीत मुळात तीनच माणसं असतील तर काय, हे कोणीच लिहीत नाही. टीओआरमध्ये मुद्दाम विचारा. साधा उपाय असा, की माल ताब्यात घेण्याची दुसरी सही कार्यक्रमाच्या माणसाची आणि पेमेंट पणजीहून.

पैसे रोजंदारीवर देऊ नका, टप्प्यावर द्या: पाहणी अहवालावर २० टक्के, पहिल्या मसुद्यावर ३०, कार्यकारिणीने मंजूर केल्यावर ३०, आणि उरलेले २० दोन महिन्यांनंतरच्या तपासणीवर. प्रवास-मुक्काम वेगळा, बिलाप्रमाणे, वरची मर्यादा घालून.

हिशेबनीस

पैशाच्या बाजूचे चार मुद्दे.

परदेशी देणगीतून सल्लागाराची फी देणार असाल तर ती प्रशासकीय खर्चात धरली जाते. एफसीआरएच्या (परदेशी देणगी नियमन कायदा) नियम ५ मध्ये कायदेविषयक आणि व्यावसायिक शुल्क स्पष्ट लिहिलंय, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. वर्षाचा आकडा आधी बघा.

त्याच दुरुस्तीने कलम ७ बदललं. परदेशी देणगी आता दुसऱ्या संस्थेला वळती करता येत नाही. परदेशी नमुन्यांवरून बेतलेल्या पुस्तिकांत ‘भागीदार संस्थेने केलेली खरेदी’ असा अध्याय हमखास असतो. एफसीआरएच्या पैशाला तो लावलात तर थेट कायदेभंग. सल्लागाराला हे माहीत आहे का, हा मुलाखतीतला चांगला प्रश्न.

सल्लागार जीएसटी नोंदणीकृत असेल तर फीवर १८ टक्के वर. संस्थेची करपात्र विक्री नसेल तर तो परत मिळत नाही, म्हणजे ४ लाखांचं काम ४.७२ लाखांना पडतं. तुलना त्याच आकड्यावर करा. टीडीएस १० टक्के, बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो वगळून. पॅन नसेल तर २० टक्के.

पेमेंटच्या कलमात ‘६० दिवसांत’ असं कॉपी होऊन येतं. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर एमएसएमईडी कायद्याप्रमाणे (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा) लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस, करार नसेल तर १५.

वाळपईकर

कलम ७ चा मुद्दा डोक्यातच नव्हता, आभारी आहे. निवडीबद्दल अजून एक. गुणांकनात तांत्रिक आणि किंमत यांचं प्रमाण ७०:३० ठेवावं की ६०:४०? फरक पडतो का?

खरेदीखातं

पडतो. समजा ‘अ’ला तांत्रिक ८५ गुण, सगळं धरून किंमत ४.२ लाख. ‘ब’ला ७२ गुण, किंमत ३ लाख. किंमतीचे गुण म्हणजे सगळ्यात कमी किंमत भागिले त्याची किंमत, गुणिले १००, ‘अ’ला ७१.४, ‘ब’ला १००. ७०:३० ने ‘अ’ ८०.९, ‘ब’ ८०.४. ६०:४० ने ‘अ’ ७९.६, ‘ब’ ८३.२. निकाल उलटला. म्हणून प्रमाण जाहिरातीतच छापायचं आणि किंमतीची पाकिटं तांत्रिक गुण सही करून बंद झाल्यावरच उघडायची. अशा कामाला ७०:३० बरं, तांत्रिक किमान ७० ची अट घालून.

तांत्रिक गुणांतले २५-३० मुलाखतीतल्या परीक्षेला ठेवा. खोट्या नावांची एक खरेदी फाइल बनवा: तीन कोटेशनं, त्यातल्या दोघांचा फोन नंबर एकच, खरेदी आदेश २०० नगांचा, जीआरएन १८० ची, बिल २०० चं, तुलना तक्त्यावर तारीख नाही. अर्धा तास द्या. बिल, आदेश आणि जीआरएन जुळवून न बघणारा माणूस नियमावली सुरेख लिहील, पण ती चालणार नाही.

गोदामपाल_फोंडा

वर सगळं खरेदीचं झालं, गोदामाचं राहिलं. नेहमीचंच.

नियमावलीच्या आधी वस्तूंची एकच यादी हवी, कोडसकट. म्हापशाच्या वहीत ‘ताडपत्री’, फोंड्याला ‘तारपोलीन’, पणजीच्या टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) ‘प्लास्टिक शीट’ असेल तर नियम एक करून शिल्लक एक होत नाही. मापही यादीतच. मदतकार्यातली ताडपत्री ४ × ६ मीटर म्हणजे २४ चौरस मीटर. बाजारात १२ × १८ फुटी मिळते, ती जेमतेम २० भरते. कोटेशनात नुसतं ‘मोठी ताडपत्री’ लिहिलं की स्वस्त दिसणारा दर १६ टक्के कमी कापडाचा असतो. शिवाय जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम) आणि कडांचे डोळे (दोरी ओवायची भोकं) किती अंतरावर, हेही लिहायचं. स्टॉक कार्डावर निधीचा रकाना हवाच. एफसीआरएचा माल आणि वर्गणीचा माल एका थप्पीत चालेल, एका कार्डावर नाही.

साठवणुकीचे आकडे ठरलेले आहेत: जमिनीपासून १० सेंटिमीटर वर, भिंतीपासून ३० सेंटिमीटर लांब, थप्पी २.५ मीटरपेक्षा उंच नको. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तेव्हा भिंतीपासूनचं अंतर आधी पाळा. ब्लीचिंग पावडर औषधांपासून आणि लोखंडी सामानापासून वेगळ्या खोलीत. दमटपणात तिचा क्लोरीन उडतो, म्हणून ती पावसाआधी थोडीच घ्या आणि मुदत बघून आधी संपणारी आधी काढा.

आपत्कालीन खरेदीचं कलम नीट लिहून घ्या. २३ जुलै २०२१ ला म्हादईचं पाणी सत्तरीतल्या गावांत शिरलं, तशा दिवशी तीन कोटेशनं कोण आणणार? सूट कोण जाहीर करेल, किती दिवस टिकेल आणि नेमकं काय माफ, हे लिहिलेलं असावं. माफ होतं ते कोटेशनांची संख्या आणि जाहिरात. दोन माणसांच्या सह्या, जीआरएन आणि वाटपाची यादी माफ होत नाही. कारणाची लेखी नोंद ७ दिवसांत. याहून चांगलं म्हणजे मेमध्येच ताडपत्री, बादल्या, पाण्याचे टँकर आणि ट्रकचे वर्षभराचे दर ठरवून करार करायचे. बेळगावचा पुरवठादार असेल तर चोर्ला किंवा अनमोड घाट बंद पडला तर माल कुठून, हे करारात. राज्याबाहेरून ५०,००० च्या वरचा माल असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) कोण काढणार तेही.

आणि नमुने गोदामवाल्याला वाचता येतील असे हवेत. वाळपई, फोंड्याला मराठी चालेल, काणकोणला देवनागरी कोकणी. पुढे सासष्टीत (मडगावचा तालुका) गेलात तर रोमी (रोमन लिपीतली कोकणी) सुद्धा लागेल. भाषांतराचे पैसे टीओआरमध्ये वेगळे दाखवा, नाहीतर सल्लागार इंग्रजी फॉर्म देऊन मोकळा होतो.

वाळपईकर

भाषांतर आणि वस्तूंची यादी दोन्ही घालतो. यादी सल्लागार यायच्या आधी आम्हीच करू शकतो ना?

गोदामपाल_फोंडा

करूच शकता, करायलाच हवी. तिन्ही वह्यांतली नावं एका एक्सेलमध्ये ओळीने उतरवा, शेजारी माप, एकक आणि फोटो. एकच वस्तू दोन नावांनी आली की एक नाव ठेवा, दुसरं ‘जुनं नाव’ म्हणून रकान्यात. एकक ठरवताना जपून: साबणाची ‘पेटी’ म्हापशाला ४८ वड्यांची आणि फोंड्याला ७२ ची असू शकते, तेव्हा नोंद वड्यांतच करा. मग सगळीकडे एकाच दिवशी मोजणी, मोजणारा दुसऱ्या गोदामाचा.