भाऊ गेल्यानंतर कॅन्सर पेशंटांसाठी काम करायचंय, पण वॉर्डात पाऊल टाकवत नाही

प्रश्न – मंदार_ची_ताई

माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला होता, ल्युकेमिया. ट्रीटमेंट बरीच लांबली आणि शेवटी तो गेला. त्या काळात केमो झाली की त्याच्या प्लेटलेट्स धाडकन खाली यायच्या, मग फोनाफोनी, आणि दर वेळी कुणीतरी अनोळखी माणूस ऑफिस सोडून यायचा, प्लेटलेट्स द्यायचा आणि नाव विचारायच्या आत निघून पण जायचा. एक काकू होत्या, त्यांचं तिथे स्वतःचं कुणी अ‍ॅडमिट नव्हतं तरी येऊन बसायच्या, फॉर्म भरायला मदत करायच्या, मी जरा डोळा लावावा म्हणून भावाजवळ थांबायच्या. मला त्यांच्यासारखं काहीतरी करायचंय, मनापासून. पण हॉस्पिटलच्या दारात गेलं की तो वास येतो आणि पाय मागे फिरतात. घरचे म्हणतात आधी स्वतःला सावर. किती थांबायचं? आणि जे सोसलंय त्याचा दुसऱ्याला खरंच उपयोग होतो का, की ते फक्त मला बरं वाटावं म्हणून?

उत्तर – निवांत_पहाट

ताई, आधी भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. मी अशा एका संस्थेत नव्या व्हॉलंटिअर्सना तयार करायचं काम करते म्हणून लिहितेय. शेवटच्या आजारातल्या पेशंटांसोबत काम करणाऱ्या बऱ्याच संस्था जवळचं माणूस गेल्यावर साधारण वर्षभर थांबायला सांगतात. लोकांना ते कठोर वाटतं, पण कारण असं की दुःख ताजं असताना समोरच्या खाटेवर आपल्याला आपलंच माणूस दिसायला लागतं, आणि मग तिथल्या बहिणीला तिचं बोलायचं असतं ते राहून जातं. वर्ष म्हणजे काही जादूचा आकडा नाही, कुणाला कमी लागतं कुणाला खूप जास्त. मी एवढंच बघते की भावाची गोष्ट सांगताना रडू आलं तरी चालेल, पण दुसऱ्याची ऐकताना आपली मध्ये न आणता बसता येतंय का. ते जमायला लागलं की वॉर्डात या.

आणि वॉर्ड म्हणजेच सेवा असं कुठेय? गाडीने पेशंटला नेणं-आणणं, फोनवर अपॉइंटमेंट्सची आठवण करणं, सरकारी मदतीचे अर्ज भरून देणं, या कामांना माणसं कायम कमी पडतात. तुम्ही त्या कागदांच्या जंजाळातून गेलायत, कुठला कागद कुठे अडतो हे तुम्हाला पाठ असणार. ही माहिती नव्याने अ‍ॅडमिट झालेल्या घराला सोन्यासारखी असते हो.

उत्तर – रोजचा_प्रवासी

मी थोडं वेगळं सांगतो. फार थांबू नका. मी दारू सोडलेला माणूस आहे आणि आमच्याकडे मदत करणं हा बरं होण्याचाच भाग असतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायचा आमचा ग्रुप, त्याची सुरुवातच अशी झाली, १९३५ मध्ये बिल विल्सन नुकताच सावरलेला होता, परगावी पुन्हा प्यावंसं वाटायला लागलं तेव्हा त्याने बोलायला दुसरा दारुडा शोधला, तो म्हणजे डॉ. बॉब, आणि दोघांनी मिळून हे सुरू केलं. दुसऱ्याला मदत करताना करणाऱ्याचंही भलं होतं यावर फ्रँक रीसमन या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये लेख लिहिला होता. त्यामुळे मला बरं वाटावं म्हणून करतेय का, हा प्रश्न सोडून द्या ताई. तुम्हाला बरं वाटलं म्हणून समोरच्याला मिळालेली मदत कमी होत नाही.

उत्तर – निवांत_पहाट

प्रवासी दादा, पटतंय, फक्त तुमच्याकडे ग्रुप पाठीशी असतो ना, बोलायला रोज कुणीतरी असतं. एकटीने जाऊन एकटीने घरी येणं वेगळं. म्हणून ताई, जिथे जाल तिथे पहिला प्रश्न हा विचारा की अवघड दिवसानंतर मी कुणाशी बोलायचं. याचं नीट उत्तर नसेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

उत्तर – शब्दांकुर

मला स्वतःला स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर डॉक्टर, नर्स, घरचे सगळे समजावत होते पण मला धीर आला तो एक बाई आल्या तेव्हा, त्यांचं तेच ऑपरेशन झालेलं आणि त्या छान साडी नेसून समोर उभ्या होत्या. टेरीस लासर या बाईंनी १९५२ मध्ये अमेरिकेत हेच सुरू केलं, स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर इतर बायकांना भेटायला जायचं, रीच टू रिकव्हरी नावाने. त्यामुळे उपयोग होतो का याचं माझं उत्तर हो आहे, शंभर टक्के. पण त्या बाई जेमतेम दोन वाक्यं स्वतःबद्दल बोलल्या, बाकी सगळा वेळ मी बोलत होते. आणि औषधाबद्दल, कुठला डॉक्टर बरा याबद्दल एक शब्द नाही. मी जाते तेव्हा तेच पाळते.

मंदार_ची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, वाचताना रडले पण हलकं वाटलं. वॉर्ड आत्ता नको. अर्ज भरायचं काम मी उद्यापासून पण करू शकते. आणि प्लेटलेट्स मी स्वतः द्यायला सुरुवात करू का? तेव्हा मी कधी दिल्या नाहीत, भावाजवळच असायचे.

उत्तर – निवांत_पहाट

नक्की द्या. लाल पेशी महिनाभराच्या वर टिकतात पण प्लेटलेट्स जेमतेम ५ ते ७ दिवस, म्हणून साठा करून ठेवता येत नाही, सतत नवे डोनर लागतात. मशीन रक्तातून फक्त प्लेटलेट्स काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत देतं, तशा एका माणसाकडून जेवढ्या मिळतात तेवढ्यासाठी एरवी साधारण ४ ते ६ जणांचं रक्त लागतं. दीड-दोन तास धरून चला. आधी शीर आणि प्लेटलेट्सचा काउंट तपासतील, अ‍ॅस्पिरिन किंवा दुसरी दुखण्याची गोळी घेतली असेल तर सांगा. मध्येच ओठांना मुंग्या आल्यासारखं झालं तर घाबरू नका, कॅल्शियम जरा कमी होतं त्याने, लगेच नर्सला सांगायचं, त्या मशीनचा वेग कमी करतात. आणि बऱ्याच ब्लड बँकांचा दरवाजा वॉर्डापासून वेगळा असतो, फोन करून विचारून घ्या कुठून आत यायचं.