झिम्मा-फुगडीची पावलं आकडे मोजून शिकवावीत का?

गोदाकाठची:
श्रावण तोंडावर आला की नाशकात मंगळागौरीच्या ग्रुपांच्या तालमी सुरू होतात. यंदा मीही गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये शिकायला जाते. ताई शिट्टी घेऊन उभ्या. ‘उजवा पुढे, डावा जोड, टाळी, वळा.’ झिम्मा आठ आकड्यांत बसवलाय. सगळ्या एकदम वळतो, दिसतं झकास. पण परवा सासूबाईंच्या मैत्रिणीनं तेच गाणं जरा ओढून म्हटलं आणि आमचं रिंगण जागच्या जागी फिसकटलं. गाणं ऐकत होतं कोण? आम्ही मनात मोजत होतो! झिम्म्याची लय म्हणणारीच्या गळ्यात असते. ती चढवेल तसं आपण चढायचं. म्हणून म्हणते, आकडे नकोत. रिंगणात घ्या, चुकू द्या. आपल्या आज्यांनी कुठे क्लास लावले होते?

सिडकोवाली सून:
आज्या सहाव्या वर्षापासून अंगणात गरगरत होत्या हो. मी पस्तिशीत सुरुवात केली, माहेर रायपूरचं. ‘रिंगणात घ्या’ म्हणजे दोघींनी ओढायचं आणि मी फरफटायचं. आकडे मिळाले तेव्हा कुठे भीती गेली.

निवृत्त मनगट:
फुगडी ‘येते आपोआप’ म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. चवड्याला चवडे भिडवायचे, हातांची अढी घट्ट, कोपरं ताठ, वजन मागे. पाऊल उचलायचं नाही, चवड्यावर सरकवायचं. एकीनं कोपर वाकवलं की दोघींचा तोल गेला. थांबताना आधी वेग उतरवायचा, मग हात सोडायचे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सहा आठवडे प्लास्टर. शिवाय सारवलेल्या अंगणात पाय धरून राहतो, हॉलच्या टाईलवर सटकतो. उकिडवं बसून उड्या मारायचा कोंबडा शिकवण्याआधी तर गुडघ्यांची चौकशी करा!

गोदाकाठची:
अढी, चवडे, वजन सांगायलाच हवं, त्याला कुठे नाही म्हटलं? माझं भांडण शिट्टीशी आहे.

सुरगाण्याचा:
पुरुषानं बोललेलं चालेल ना? आमच्याकडे पावरीवर, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यावर, नाचतात. पावरीवाल्यानं सूर बदलला की पाय बदलला, मोजत कुणीच नाही. कॉलेजात आमचा नाच बसवला तेव्हा सरांनी पावरीचं रेकॉर्डिंग चार मिनिटांत कापून लावलं. पावरीवालाच नाही तर बघायचं कुणाकडे? पोरं आरशात बघून नाचली. बक्षीस मिळालं, ते वेगळं.

पंचवटीकर:
बक्षिसाचंच बोला. स्टेजवर प्रेक्षक एका बाजूला, वेळ ठरलेली, पिंगा संपला की लगेच आगोटापागोटा. मोजल्याशिवाय जमणारच नाही. त्याला सादरीकरण म्हणा आणि मोकळ्या व्हा. मोकळं खेळायचंय त्यांनी भोंडल्याला जावं, पाटावरच्या हत्तीभोवती कुणी आकडे मोजत नाही.

सिडकोवाली सून:
भोंडल्याला बोलावणार कोण, दादा? क्लासमध्ये पाय बसला, म्हणून तर शेजारणींनी यंदा पहिल्यांदा मंगळागौर जागवायला बोलावलं. गोदाकाठची, त्या ओढून म्हणणाऱ्या मावशींना एक दिवस तालमीला आण की. आधी आम्ही आकड्यांवर खेळतो, मग त्यांनी हवं तसं ओढावं. पडलो तर पडलो.

गोदाकाठची:
विचारते. पण ताईंच्या गळ्यात शिट्टी दिसली, तर मावशी आल्या पावली परत जातील.